मदत हवी आहे: ‘हाय सीज’ला मराठीत काय म्हणू?

नमस्कार मंडळी. गावातल्या शाळेत नववीच्या मुलांशी रीना ली यांच्याबद्दल बोलायचंय. सिंगापूरच्या या वकील, पुढे राजदूत झाल्या. ४ मार्च २०२३ ला न्यूयॉर्कमध्ये, ‘हाय सीज’मधली जीवसृष्टी जपण्यासाठीच्या संयुक्त राष्ट्रांच्या करारावर त्यांच्या अध्यक्षतेखाली रात्रभर ताणलेल्या वाटाघाटींनंतर, ‘जहाज किनाऱ्याला लागलं’ असं त्यांनी जाहीर केलं आणि सभागृह टाळ्या वाजवत उभं राहिलं. मला हा क्षण फार आवडतो.

अडलंय ‘हाय सीज’पाशी. किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपलीकडचा, कुठल्याच देशाचा नसलेला समुद्र. ‘खुला समुद्र’ म्हटलं की मुलांना वाटणार, वाटेल ते करायला मोकळा! करार तर नेमका उलट सांगतो. ‘खोल समुद्र’ही बसत नाही. कोळी बांधवांच्या, खलाशांच्या बोलीत यासाठी एखादा शब्द आहे का? शनिवारपर्यंत कळवाल का?