विषबाधेत पॅम: सगळ्यांना सरसकट द्यायचं का?

गोदाकाठ_फिजिशियन
निफाड-दिंडोरीकडून फवारणीचं औषध पोटात गेलेला पेशंट आला की कॅज्युअल्टीत पहिला प्रश्न असतो, "पॅम आहे का?" पॅम म्हणजे प्रॅलिडॉक्सिम, विषाने अडवलेलं एन्झाइम मोकळं करणारा उतारा. माझ्या मते ऑर्गनोफॉस्फेट गटातल्या कीटकनाशकांमध्ये हा प्रश्न फार नंतरचा आहे. श्रीलंकेतल्या 235 पेशंटच्या चाचणीत (2009) पॅम घेतलेल्यांपैकी 24.8 टक्के दगावले, नुसतं सलाइन घेतलेल्यांपैकी 15.8 टक्के. हा फरक योगायोगानेही पडू शकतो, हे मान्य. पण रक्तातलं एन्झाइम सुधारूनही माणसं जास्त वाचली नाहीत, ही गोष्ट मला जास्त खटकते. उलट बांगलादेशात (2012) ॲट्रोपिनचा (छातीतला स्राव आटवून नाडी वाढवणाऱ्या औषधाचा) डोस दर पाच मिनिटांनी दुप्पट करत नेऊन मग इन्फ्युजन, म्हणजे सलाइनमधून सतत थेंब, चालू ठेवलं, तर मृत्यू 22.5 वरून 8 टक्क्यांवर आले. औषध तेच, फक्त देण्याची पद्धत बदलली.

आयसीयू_रजिस्ट्रार
सर, बारामतीचा अभ्यास विसरून कसं चालेल? 2006, लॅन्सेट, 200 पेशंट, आपल्याच महाराष्ट्रातले. सगळ्यांना आधी 2 ग्रॅम पॅम. मग निम्म्यांना 48 तास दर तासाला 1 ग्रॅम, उरलेल्यांना दर चार तासांनी 1 ग्रॅम. मृत्यू 1 टक्का विरुद्ध 8 टक्के. ते पेशंट लवकर पोचले होते आणि त्यांना आयसीयू मिळालं. आपल्याकडे 108 वेळेत आली तर आपले पेशंट बारामतीच्या जवळचे, श्रीलंकेच्या नव्हे.

गोदाकाठ_फिजिशियन
वेळेत आली तर! आणि बारामतीत पॅम विरुद्ध काहीच नाही अशी तुलना नव्हती, सतत विरुद्ध थांबून-थांबून अशी होती.

विषशास्त्र_वाचक
तुम्ही दोघं बाटलीचं नावच घेत नाही आहात. क्लोरपायरीफॉस, क्विनालफॉस ही डायइथाइल या रासायनिक जातीची. त्यांनी धरलेलं एन्झाइम कायमचं निकामी व्हायला वेळ लागतो, निम्मं व्हायला साधारण 33 तास, म्हणून पॅमला वाव राहतो. डायमेथोएटमध्ये तेच चारेक तासांत होतं. संध्याकाळी प्यायलेला पेशंट पहाटे आला तर पॅम जोडणार कशाला? कांद्यावर मारतात त्या प्रोफेनोफॉसमध्ये तर आशा ठेवूच नये. नातेवाइकांना पाठवून रिकामी बाटली मागवा, लेबलाचा फोटो घ्या.

वॉर्ड_इन्चार्ज
सिस्टर म्हणून एक हिशेब मांडते. आमच्याकडे ॲट्रोपिनची अँप्युल 0.6 मिलिग्रॅमची. पहिला डोस 3 अँप्युल, पाच मिनिटांनी 6, मग 12, मग 24. पंधरा मिनिटांत 45 अँप्युल, 27 मिलिग्रॅम. एकटीने फोडत बसलं तर पुढच्या डोसची वेळ टळते. दोघी फोडणाऱ्या, एक सिरिंजमध्ये ओढणारी, एक लिहिणारी लागते. त्या वेळी पॅम विरघळवायला माणूस उरत नाही. पॅमच्या आधी ट्रॉलीत ॲट्रोपिन मोजून ठेवा.

आयसीयू_रजिस्ट्रार
मॅडमचं म्हणणं पटतं, पण ते माणसं कमी असल्याचं कारण आहे, पॅम नको असल्याचं नाही. लवकर आलेला डायइथाइलचा पेशंट असेल तर मी देणारच. मात्र पहिला डोस 20-30 मिनिटांत सावकाश. ढकलून दिला तर उलट्या, बीपी वर, कधी हृदय बंद पडतं. श्रीलंकेतही 2 ग्रॅम 20 मिनिटांतच दिलं होतं, तेव्हा तिथल्या मृत्यूंचं खापर घाईवर फोडता येत नाही, हे मलाही मान्य करावं लागतं.

गोदाकाठ_फिजिशियन
मग निदान क्रम तरी ठरवू: कपडे काढा, अंग-केस साबणाने धुवा, ऑक्सिजन, सक्शन, ॲट्रोपिन. डोळ्याची बाहुली मोठी झाली म्हणून ॲट्रोपिन थांबवू नका, छाती ऐका. घरघर गेली, काख कोरडी, नाडी 80 च्या वर, वरचं बीपी 80 च्या वर, मग लागलेल्या एकूण डोसच्या 10 ते 20 टक्के दर तासाला. बडबड, ताप आणि आतड्याचा आवाज बंद असेल तर जास्त झालं. अर्धा-एक तास थांबवा, मग कमी वेगाने सुरू करा.

वॉर्ड_इन्चार्ज
आणि पॅम दिलं असो वा नसो, पहिल्या दिवसानंतर चौथ्या दिवसापर्यंत प्रत्येक राउंडला पेशंटला उशीवरून डोकं उचलायला सांगा. मान उचलता येईना झाली की श्वासाचे स्नायूही थकायला लागलेत असं समजा; छाती कितीही स्वच्छ असो, व्हेंटिलेटर जवळ ओढून ठेवा.