सेना मेडल जाहीर झालंय, समारंभ बाकी आहे. फीत आत्ताच लावता येते का?

प्रश्न : धाकटा पारोळेकर

रामराम मंडळी. पारोळा तालुक्यातून लिहितोय. मोठा भाऊ फौजेत हवालदार आहे. यंदा २६ जानेवारीच्या यादीत त्याचं नाव सेना मेडल या शौर्यपदकासाठी आलं. फटाके, पेढे, आईच्या डोळ्यांना पदर, सगळं झालं. पण पदक अजून हातात नाही. आर्मी कमांडरांच्या हस्ते समारंभात मिळेल आणि त्याला वेळ आहे, असं तो म्हणतो.

आता तो आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) सुट्टीवर येतोय आणि ग्रामपंचायतीने सत्कार ठरवलाय. सरपंचांचा हट्ट, "वर्दीत या, छातीवर मेडल दिसलं पाहिजे." काकांनी तर पुढची पायरी गाठली. दिल्ली कॅन्टोन्मेंटच्या बाजारात अशी पदकं विकत मिळतात असं त्यांना कोणीतरी सांगितलंय. "तिकडच्या एखाद्या मित्राले सांग, लई ये (घेऊन ये) एक!" वडील विरोधात. त्यांचं म्हणणं, लग्नाआधीच मंगळसूत्र घालून मिरवण्यातला हा प्रकार. भावाला विचारलं तर फोनवर "बघू" म्हणतो. त्याचं "बघू" म्हणजे नाही, हे घरात सगळ्यांना माहीत आहे, पण सरपंचांना कोण सांगणार?

पदक राहू द्या, निदान ती कापडी फीत, म्हणजे वर्दीच्या खिशावर पदकाऐवजी लागते ती रंगीत पट्टी, समारंभाआधी लावता येते का? फ्लेक्सचा नमुना सोबत टाकलाय. त्यात फीत आणि पदक दोन्ही आहेत.

जिभाऊ (निवृत्त सुभेदार, अमळनेर)

आधी अभिनंदन, आणि आईंना माझा नमस्कार सांगा.

फीत आणि पदक यांचा हिशोब वेगळा आहे. राजपत्रात नाव छापून आलं की पुरस्कार मिळाला. समारंभ असतो तो पदक छातीवर चढवायला. म्हणून फीत समारंभापर्यंत थांबत नाही. आमच्या पलटणीत एका नाईकाचं नाव यादीत आलं, तेव्हा सी.ओ. (कमांडिंग ऑफिसर) साहेबांनी सैनिक संमेलनात सगळ्यांसमोर त्याच्या खिशावर फीत लावली. पदक त्याला पुढच्या वर्षी मिळालं. मधले सगळे महिने तो फीत लावूनच ड्युटी करत होता आणि कोणी भुवई उंचावली नाही. पण लक्षात घ्या, टीव्हीवर नाव ऐकून त्याने ती स्वतः शिवून घेतली नव्हती. पलटणीत कागद आला, ऑर्डर निघाली, मग लागली. तुमच्या भावाने हेड क्लार्कला एक फोन केला तरी पुरे. त्याने तो कधीच केला असणार, हवालदार आहे तो.

फीत लावायची म्हणजे शेवटी आणखी एक तुकडा चिकटवायचा, असं नव्हे. अख्खी पट्टी नव्याने बांधावी लागते. सेना मेडल मानाने वरचं, त्यामुळे ते छातीच्या मध्याकडे, म्हणजे घालणाऱ्याच्या उजव्या बाजूला येतं. नऊ वर्षांच्या सेवेचं वगैरे मागे सरकतं. जुनी पट्टी उसवायचा कंटाळा म्हणून पोरं नवी फीत टोकाला लावतात आणि परेडला सुभेदार मेजरांच्या शिव्या खातात.

आता तुमचा फ्लेक्स. तो पाहून चहा सांडला माझा. त्यावरची फीत अर्धी गडद निळी, अर्धी केशरी आहे. अहो, ती वीर चक्राची! पदकावर पाच टोकांचा तारा आहे, तोही वीर चक्राचाच. सेना मेडलची फीत लाल, मधोमध एक पांढरी रेघ. पदकावर टोक वर केलेली संगीन असते आणि मागल्या बाजूला उभा जवान. शिवाय फोटो कॉम्बॅट वर्दीतला. तिच्यावर फिती लावतच नाहीत, पण यात चिकटवल्यात. फ्लेक्सवाल्याला बोलत नाही, त्याने नेटवर 'मेडल' एवढंच शोधलं असेल. पण सत्काराला पहिल्या रांगेत तालुक्यातले माजी सैनिकच बसणार ना? न मिळालेलं वीर चक्र छातीवर दिसलं तर लोक फ्लेक्सवाल्याला नाही, तुमच्या भावाला हसतील.

काकांचं ऐकीव खरं आहे, नकला विकत मिळतात. सेवेची पदकं सरकारकडून यायला वर्षं लागतात, तोवर परेडसाठी जवान बाजारातली घेऊन लावतात. मीही लावली आहेत. ते पोटापाण्यासारखं झालं. शौर्याचं पदक मात्र हक्काच्या हाताने छातीवर चढायच्या आधी दुकानातून आणून लावणं मला बघवणार नाही. समारंभानंतर जपून वापरायला नक्कल केली तर गोष्ट वेगळी.

धुळ्याची ताई

मिस्टर धुळ्यात पोलीस दलात आहेत, म्हणून पोलिसांचं सांगते. महासंचालकांच्या सन्मानचिन्हाची यादी एप्रिलअखेर येते आणि १ मेला कवायत मैदानावर पालकमंत्र्यांच्या हस्ते ते मिळतं. मधल्या त्या दिवसांत आमच्याकडे कोणी काही लावत नाही. यांच्या वेळी आदल्या दिवशी रंगीत तालीम झाली. नाव पुकारलं, हे कदम मिळवत पुढे गेले, सॅल्यूट केला, आणि राखीव निरीक्षकांनी यांच्या हातात रिकामी डबी ठेवली. घरी येऊन म्हणाले, "आज डबी मिळाली." पण ते चारच दिवस असतात. फौजेत वर्षभर थांबायचं म्हटल्यावर फीत आधी लावतात, हे मला पटलं.

धाकटा पारोळेकर

जिभाऊ, फ्लेक्स थांबवला. भावाला फोन केला. तुम्ही म्हणता तसंच निघालं, फीत पलटणीत केव्हाच लागली आहे. घरी सांगितलं नाही, कारण "सांगितलं असतं तर काकांनी गावभर केलं असतं." मग आता सत्काराला वर्दी आणि फीत चालेल ना? की साध्या कपड्यांवर फीत लावू द्यायची?

जिभाऊ (निवृत्त सुभेदार, अमळनेर)

साध्या कपड्यांवर फीत नाही. ती वर्दीची वस्तू. आम्ही निवृत्त लोक २६ जानेवारीला कोटावर लावतो ती पदकं, आणि त्याच्याकडे पदक अजून आलेलं नाही.

वर्दीचं म्हणाल, तर सुट्टीवर आलेल्या माणसाला ती घालायला लावूच नका. आज सरपंच बोलावतील. उद्या कळेल की आमदारही येताहेत. परवा व्यासपीठाच्या मागे कुठल्यातरी पक्षाचा बॅनर लागलेला असेल. राजकीय मंचावर वर्दीतला जवान चालत नाही. तिथून उठावं तर यजमानांचा अपमान, बसावं तर पलटणीत उत्तर द्यायचं. त्याचं "बघू" बहुतेक यासाठीच आहे. सरपंचांना तुम्ही बोलू नका, वडिलांकरवी सांगा : पांढरा सदरा, फेटा, शाल-श्रीफळ. पदकासकट वर्दी समारंभाच्या फोटोत बघा म्हणावं, तो फोटो ग्रामपंचायतीत लावा.

नवा फ्लेक्स करायचाच असेल तर साध्या कपड्यांतला फोटो टाका, खाली नाव आणि 'सेना मेडल जाहीर'. पदकाचं चित्र नको. छापायच्या आधी इथे टाका, मी बघून देतो. आणि आखाजीला खापराचे मांडे आणि आमरस असेल तर सत्काराला अमळनेरहून आम्ही दोघं-तिघं येतो. पहिली रांग राखून ठेवा.