मदत हवी आहे: संत स्तेफनाच्या रंगीत काचेच्या खिडकीची दुरुस्ती (इंदूर)

इंदुरातील आमच्या जुन्या चर्चमध्ये पहिला ख्रिस्ती हुतात्मा संत स्तेफन याच्या स्मरणार्थ बसवलेली रंगीत काचेची खिडकी आहे. चित्रात त्याच्या एका हाती खजुरीची झावळी आणि झग्याच्या घोळात दगड आहेत. खालच्या भागातील, काचेचे तुकडे जोडणाऱ्या शिशाच्या पट्ट्या सैल पडून खिडकी आतल्या बाजूस फुगली आहे. काच कोठेही तडकलेली नाही, मात्र चेहऱ्यावरील रेखाटन बोट लागताच भुकटीसारखे सुटते. काचेवर रंगवून भट्टीत नीट भाजलेला रंग सहसा असा निघत नाही, त्यामुळे मूळ भाजणीच कच्ची राहिली असावी.

स्थानिक काचकामवाल्यांनी सिलिकॉन भरण्याचा सल्ला दिला. तो आम्ही मानला नाही, कारण पुढे ते खरवडताना काचेवरचा रंगही जाईल. पुन्हा भाजण्याचा पर्यायही नको, त्यात जुनी काच तडकण्याची भीती आहे. सध्या बाहेरून, हवा खेळती ठेवून, ॲक्रिलिकचा पारदर्शक पत्रा लावला आहे. 26 डिसेंबरच्या संत स्तेफनाच्या सणापर्यंत खिडकी उतरवायची नाही, अशी मंडळीची अट आहे (मला ती फारशी पटत नाही, पण पाळावी लागेल).

तोवर सुटणारा रंग जागच्या जागी पक्का करता येतो का, की त्याला हातच न लावणे श्रेयस्कर? शिवाय, शिशाच्या पट्ट्या बदलण्याचे काम प्रत्यक्ष केलेला कारागीर इंदूर, वडोदरा किंवा मुंबईत कोणाच्या माहितीत आहे का?