हेर धरतात कधी आणि सांगतात कधी?

देवळालीकर: काल इथे कुणीतरी लिहिलं, "परदेशी हेर पकडला की समजायचं, सरकारला काहीतरी झाकायचंय." डोकं फिरलं, म्हणून लिहितोय. २७ जून २०१० ला अमेरिकेने अ‍ॅना चॅपमनसह दहा रशियन हेर धरले. तीनच दिवस आधी ओबामा आणि रशियाचे तेव्हाचे अध्यक्ष मेदवेदेव शेजारी बसून बर्गर खात होते. मैत्री जमत असताना कोण मुद्दाम विस्कटेल? एफबीआय कित्येक वर्षं मागावर होती. एकजण देश सोडणार असं कळलं, म्हणून जाळं ओढलं.

गंगापूररोड७१: आणि ९ जुलैला व्हिएन्नात हेरांची अदलाबदल करून मोकळे! हे राजकारण नाही? भारताचा हेर म्हणून पाकिस्तानने धरलेल्या कुलभूषण जाधवांचं बघा. पाकिस्तान म्हणतं ३ मार्च २०१६ ला पकडलं. जाहीर केलं तीन आठवड्यांनी. इराणचे तेव्हाचे अध्यक्ष रुहानी इस्लामाबादेत आले तेव्हा, आणि पठाणकोट हल्ल्याच्या तपासाला पाकिस्तानचं पथक इकडे यायच्या तोंडावर.

देवळालीकर: अहो, तेच म्हणतोय. धरायची तारीख वेगळी, सांगायची वेगळी. तुम्ही दोन्ही एकाच पोत्यात भरताय.

ओझरवाली: व्हिएन्ना राहू द्या. ऑक्टोबर २०२० मध्ये नाशिकजवळच्या ओझरच्या एचएएल विमान कारखान्यातल्या कर्मचाऱ्याला पाकिस्तानच्या आयएसआयला माहिती पुरवल्याच्या आरोपावरून एटीएसने (दहशतवादविरोधी पथकाने) धरलं, तेव्हा आम्ही ओझरलाच होतो. दूधवाला पिशवी हातात धरून विचारायचा, "ताई, तुमच्याच शेजारचा का?" माझ्या वडिलांनी तिथे २८ वर्षं विमानं जोडली. एका चॅनलचा पोरगा माइक घेऊन त्यांनाच विचारतो, "तुम्हाला संशय नाही आला?" त्या रात्री ते जेवले नाहीत.

गंगापूररोड७१: वाईट वाटलं, पण विषय वेळेचा आहे.

ओझरवाली: मग वेळेचंच सांगा. एटीएस राज्याची. तेव्हा इथे महाविकास आघाडी, दिल्लीत भाजप. कुणाच्या सोयीने धरला?

गंगापूररोड७१: दर वेळी राजकारण असतंच असं मी कुठे म्हटलं?

देवळालीकर: शब्द फिरवू नका! वर "हे राजकारण नाही?" कुणी लिहिलंय?

गंगापूररोड७१: बरं, ओझरचं सोडतो. जाधवांचं नाही सोडणार.

देवळालीकर: सोडू नका. तिथे जाहीर करायची वेळ साधली, हे मलाही मान्य. तेवढंच मान्य.

ओझरवाली: वेळ कुणीही साधो. कॅमेरे आमच्या कॉलनीच्या गेटवर येतात, आणि आरोप सिद्ध व्हायच्या आधीच सगळी कॉलनी गद्दार ठरते. त्यावर एकानेही लिहिलं नाही.