उबुंटू २२.०४ वर पायथन सुरू होतानाच बंद पडतो

प्रश्न :
धरमपेठेतील आमच्या छोट्या कार्यालयातला संगणक मी गेल्या आठवड्यात उबुंटू (लिनक्सवर आधारित ऑपरेटिंग सिस्टिम) २०.०४ वरून २२.०४ वर नेला. तेव्हापासून टर्मिनलमध्ये पायथन ही प्रोग्रॅमिंग भाषा सुरू करण्यासाठी पायथन३ लिहून एंटर दाबले की प्रॉम्प्ट येतच नाही. ‘फेटल पायथन एरर’ असा संदेश येतो आणि ‘एन्कोडिंग्ज’ नावाचे मॉड्यूल सापडत नसल्याचे सांगून तो बंद पडतो. पॅकेज दोनदा पुन्हा बसवूनही फरक पडला नाही. रात्री क्रॉनमधून (ठरल्या वेळी कामे आपोआप चालवणाऱ्या सोयीतून) चालणारी बिलांची स्क्रिप्ट मात्र त्याच संगणकावर विनातक्रार चालते. सीताबर्डीतील एका दुकानदाराच्या मते उन्हाने रॅम गेली असावी. रॅम बदलावी का?

उत्तर :
रॅमवर इतक्यात खर्च करू नका. नागपूरच्या मे महिन्यात यंत्रे तापतात हे खरे, पण खराब रॅम कधी इथे, कधी तिथे दगा देते. आपला पायथन दर वेळी एकाच ठिकाणी अडतो आहे. ‘एन्कोडिंग्ज’ हा प्रमाणित लायब्ररीचा भाग आहे आणि फाइलींची नावे वाचण्यासाठी तो अगदी सुरुवातीलाच लागत असल्यामुळे, लायब्ररीचा पत्ता चुकला की पायथन उभाच राहत नाही. टर्मिनल उघडताना बॅशआरसी ही सेटिंग्जची फाइल वाचली जाते, पण क्रॉन ती वाचत नाही, म्हणून माझा संशय त्या फाइलीवर आहे. पायथन३ला कॅपिटल ई हा पर्याय देऊन पाहा. त्यामुळे पायथनसाठीची सर्व एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स (प्रोग्रॅमला बाहेरून दिलेली सेटिंग्ज) दुर्लक्षिली जातात. तसेच त्रुटीच्या संदेशातच ‘पायथनहोम’ची, म्हणजे लायब्ररी कुठे शोधायची हे सांगणाऱ्या व्हेरिएबलची, ओळ छापलेली असते, तिच्यापुढे काय आहे ते कळवा.

दुसरे उत्तर :
वरील निदानाशी सहमत आहे. फक्त वैतागून सिस्टिमचा पायथन काढून टाकू नका, त्याच्यावर अवलंबून असलेली डेस्कटॉपची अनेक पॅकेजेसही त्याच्याबरोबर जातील. संदेश ‘सेगमेंटेशन फॉल्ट’ (मेमरीच्या चुकीच्या वापराने प्रोग्रॅम कोसळणे) असा असता तर शोध वेगळ्या दिशेने घ्यावा लागला असता.

प्रश्नकर्ता :
कॅपिटल ई दिल्यावर प्रॉम्प्ट लगेच आला. पायथनहोमपुढे ऑप्ट या डिरेक्टरीतील पायथन ३.८चा फोल्डर आहे. एका जुन्या सॉफ्टवेअरसाठी ती ओळ मीच बॅशआरसीमध्ये लिहिली होती आणि साफ विसरलो होतो. पण मग अपग्रेडपूर्वी सगळे कसे चालत होते?

उत्तर :
२०.०४ चा स्वतःचा पायथनही ३.८ च होता, त्यामुळे त्या फोल्डरमधील ३.८ ची लायब्ररी त्याला चालून गेली. २२.०४ वर पायथन ३.१० आहे, तो त्याच फोल्डरात ३.१० ची लायब्ररी शोधतो आणि ती तिथे नाही. अनसेट आज्ञेने ते व्हेरिएबल पुसल्याने फक्त समोरचे टर्मिनल सुधारेल, म्हणून बॅशआरसीतील ती ओळच काढा आणि नवे टर्मिनल उघडा. जुन्या सॉफ्टवेअरला हे व्हेरिएबल खरोखर लागत असेल, तर ते सुरू करणाऱ्या छोट्या शेल स्क्रिप्टमध्येच लिहा.