गॅरेज डोअरची टॉर्शन स्प्रिंग: मापं कुठली, पीळ किती आणि कशाने भरायचा?

निळी_शिडी

न्यू जर्सीतलं घर. दोन गाड्यांचं इन्सुलेटेड स्टीलचं दार, १६ फूट रुंद, ७ फूट उंच. वरच्या शाफ्टवर दोन टॉर्शन स्प्रिंग (पीळ भरून दाराचं वजन तोलणाऱ्या) आहेत. डावीकडची थंडीत तुटली आहे, मधे दोनेक इंचांची फट दिसते. उजवी शाबूत आहे, पण दोन्ही बदलायच्या आहेत. नवी मागवताना मापं कुठली द्यायची? फेरे किती द्यायचे? आणि खास वाइंडिंग बार (पीळ भरायच्या सळया) घ्यायलाच हवेत, की जाड स्क्रूड्रायव्हरवर भागेल?

खटपट्या

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी: स्क्रूड्रायव्हर अजिबात नको. पीळ स्प्रिंगच्या टोकाला बसवलेल्या, भोकं असलेल्या धातूच्या तुकड्यातून भरतात, त्याला कोन म्हणतात. घरगुती दारांच्या कोनमधलं भोक बहुधा अर्ध्या इंचाचं असतं. त्यात अर्धा इंच जाडीची, १८ इंच लांब, भरीव पोलादी सळईच नीट बसते. अशा दोन लागतात.

या कामाला प्रचंड ताकद लागते असा समज आहे, पण हिशेब वेगळंच सांगतो. दार २०० पौंडांचं धरा. ड्रमची (शाफ्टच्या टोकाची, दार उचलणारी केबल गुंडाळणारी चकती) त्रिज्या २ इंच, म्हणजे दोन्ही स्प्रिंगांवर मिळून ४०० इंच-पौंड, एकीवर २००. सळईच्या टोकाशी हात असेल तर जोर लागतो जेमतेम १२ पौंड, साडेपाच किलो. तोच दांडा सहा इंचांचा असेल तर ३३ पौंड, म्हणजे १५ किलो. त्यात स्क्रूड्रायव्हर भोकात खुळखुळतो, तिरका होऊन निसटतो आणि कोन ओतीव अ‍ॅल्युमिनियमचा असेल तर भोकाचा काठही फुटतो. अपघात होतात ते असे निसटण्याने.

आता मापं. तारेची जाडी, आतला व्यास, लांबी आणि पिळाची दिशा, या चारही गोष्टी द्याव्या लागतात. जाडी एका वेढ्यावरून काढू नका. तुटलेल्या तुकड्याचे वेढे एकमेकांना चिकटवून २० वेढ्यांची लांबी घ्या. ५ इंच भरली तर तार ०.२५० इंच, ४ पूर्णांक ७/८ इंच भरली तर ०.२४३. फरक इंचाच्या आठव्या भागाचा दिसतो, पण स्प्रिंगचा जोर तारेच्या जाडीच्या चौथ्या घातात वाढतो, त्यामुळे या दोन तारांत निदान १२ टक्क्यांचा फरक पडतो. म्हणून १० वेढे वेगळे मोजून ताळा करा.

व्यास बहुधा कोनवर कोरलेला असतो, पावणेदोन किंवा दोन इंच. लांबी तुटलेले दोन्ही तुकडे जोडून, कोनचा बाहेर आलेला भाग सोडून घ्यायची. पीळ भरलेल्या स्प्रिंगची लांबी मोजू नका, ती वाढलेली असते. दिशा: आतून दाराकडे तोंड करून उभं राहिलं, तर नेहमीच्या जोडणीत मधल्या ब्रॅकेटच्या डावीकडे उजव्या पिळाची (काळा कोन) आणि उजवीकडे डाव्या पिळाची (लाल कोन).

दोन्ही बदलताय ते योग्यच. साध्या स्प्रिंगचं आयुष्य सुमारे १०,००० उघडझापीचं धरतात. दिवसाला चार म्हटलं तर सातेक वर्षं. एक गेली की दुसरीही फार टिकत नाही.

टॉर्कवाली

मापं वर आली आहेत, मी फक्त क्रम लिहिते.

ओपनरचा प्लग काढा, दार पूर्ण बंद करून ओपनरपासून सोडवा. रुळावर रोलरच्या लगेच वर लॉकिंग पक्कड आवळा, म्हणजे दार अचानक वर उसळणार नाही. चष्मा घाला. शिडी कोनच्या बाजूला लावा. सळईच्या फिरण्याच्या रेषेत डोकं येता कामा नये.

तुटलेल्या स्प्रिंगमध्ये पीळ उरलेला नाही, पण उजवीत पूर्ण आहे. आधी तो उतरवा. सळई तळापर्यंत गेली की नाही हे कळावं म्हणून भोकाच्या खोलीवर तिला टेप गुंडाळा. सळई घट्ट धरून भार हातावर घ्या, मगच सेट स्क्रू (कोन शाफ्टला आवळून धरणारे) सैल करा. त्या क्षणी हाताला हिसका बसतो, तयार राहा. मग पाव-पाव फेऱ्याने खाली सोडत जा. दुसरी सळई तळाला टेकल्याशिवाय पहिली काढायची नाही.

नव्या स्प्रिंगा चढवल्यावर आधी डाव्या ड्रमचा स्क्रू आवळा. शाफ्ट फिरवून केबल ताठ करा, शाफ्टवर लॉकिंग पक्कड लावून ती भिंतीला टेकवा आणि मग उजवा ड्रम तितकाच ताठ करा. दोन्हीकडे सारखा ताण नसेल तर दार वाकडं चालतं.

स्प्रिंगवर खडूने लांबवर एक सरळ रेघ ओढा. पीळ भरताना तिचे पट्टे होतात, पट्ट्यांवरून फेरे मोजता येतात. ७ फुटी दाराला नेहमीच्या ४ इंची ड्रमवर साडेसात फेरे, म्हणजे ३० पाव फेरे. ८ फुटीला ३४. सळई छताच्या दिशेने ढकलायची. स्प्रिंग प्रत्येक फेऱ्याला तारेच्या जाडीइतकी लांबते, म्हणजे तुमच्याकडे पावणेदोन-दोन इंच. शेवटी कोन आणखी पाव इंच बाहेर ओढून वेढे मोकळे ठेवा, नाहीतर घासून करकरतात. सेट स्क्रू शाफ्टला टेकल्यावर अर्धा ते पाऊण फेरा. त्याहून जास्त आवळले तर पोकळ शाफ्ट चेपतो.

निळी_शिडी

३० पाव फेरे देऊनही दार अर्ध्यावर थांबलं नाही, खाली यायला लागलं तर?

टॉर्कवाली

दार बंद करून, पकडी परत लावून, दोन्ही स्प्रिंगांना पाव-पाव फेरा द्या. दार वर जात असेल तर तेवढाच कमी करा. एक पूर्ण फेरा देऊनही जमलं नाही तर दोष पिळात नाही, स्प्रिंग चुकली आहे. खाली जड आणि वर मात्र उसळतंय, असं असेल तरी तेच समजा. फेरे वाढवून ते सुटत नाही.

पाना_नंबर_दहा

दोन गोष्टी राहिल्या. मधला ब्रॅकेट ज्या लाकडी फळीवर आहे ती चिरली असेल तर पिळाला हात लावण्याआधी फळी बदला, सगळा पीळ तिच्यावर येतो. आणि दाराच्या खालच्या कोपऱ्यातले, बहुधा लाल रंगवलेले, ब्रॅकेटचे स्क्रू पीळ असताना सोडू नका, केबलचा ताण तिथेच धरलेला असतो.

बाहेर स्प्रिंग दिसतच नाही, नळीच्या आत आहे, अशा दारांना यातलं काहीच लागू नाही. त्यांचा पीळ कडेच्या यंत्रणेतून, काहींत ड्रिलनेही भरतात. तिथे सळया लागत नाहीत.