बोरात काय उगाच जन्मला?

"कलाकारानं हसवावं, आपण ज्यू असल्याचे पाढे वाचू नयेत" हे म्हणणं निदान साशा बॅरन कोहेन या ब्रिटिश ज्यू विनोदी नटाच्या बाबतीत मला पटत नाही. केंब्रिजमध्ये इतिहास शिकताना त्यानं प्रबंधासाठी विषय घेतला होता तो अमेरिकेतल्या नागरी हक्क चळवळीतल्या ज्यूंच्या सहभागाचा. म्हणजे प्रसिद्धी मिळाल्यावर सुचलेलं हे खूळ नव्हे.

२००४ मधला, त्याच्या टीव्ही कार्यक्रमातला अ‍ॅरिझोनातल्या बारचा प्रसंग आठवा. त्यानं रंगवलेला कझाकस्तानचा पत्रकार बोरात 'ज्यूला विहिरीत ढकला' असं गातोय आणि समोरची मंडळी टाळ्या पिटत चक्क सूर मिळवतायत! त्यावर अँटी-डिफमेशन लीग या ज्यूंच्याच संस्थेनं नाराजी कळवली, की उपरोध सगळ्यांच्या डोक्यात शिरेलच असं नाही. (आक्षेप अगदीच पोकळ नव्हता, हेही खरं.) गंमत म्हणजे पुढे 'बोरात' चित्रपटात हा ज्यूद्वेष्टा 'कझाक' म्हणून बोलतो ती बव्हंशी हिब्रू असते.

पुढे २०१९ मध्ये त्याच लीगनं त्याला पुरस्कार दिला. त्या भाषणात त्यानं फेसबुकला धारेवर धरलं: तिसाच्या दशकात तुम्ही असता तर हिटलरच्याही जाहिराती पैसे घेऊन दाखवल्या असत्या. होलोकॉस्ट नाकारणाऱ्या मजकुरावर फेसबुकनं बंदी घातली ती ऑक्टोबर २०२० मध्ये. सगळं श्रेय त्याचं नाही, दबाव बऱ्याच बाजूंनी होता. पण हॉलिवूडमधले कितीतरी जण तेव्हा मूग गिळून बसले होते.